साडेबाराचं आकाश

धुळ्यात कुंदनचं फोटो-फ्रेमचं दुकान होतं, पण गेल्या दोन वर्षांपासून तो आकाश विकत होता. ऐकणाऱ्याला ही थाप वाटायची. तुम्ही त्याला तारीख, वेळ आणि गाव सांगायचं, की त्या क्षणी त्या गावावर कसं आकाश होतं ते तो छापून, काच लावून द्यायचा. लग्नाची घटका म्हणा, लेकराचा जन्म म्हणा, एकानं तर पहिल्या ट्रॅक्टरचं आकाश नेलं होतं. त्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी केलेली ताऱ्यांची यादी त्यानं इंटरनेटवरून उतरवून घेतली होती. लाखाच्या वर तारे, आणि प्रत्येकापुढं त्याची जागा, तेज, रंग, इतकंच काय, तापमानसुद्धा. यादी जगाची, पण तिच्यातून नेमकं चित्र काढणारा प्रोग्राम कुंदनचा स्वतःचा. त्याचा त्याला भलता ताठा. भाजीत मीठ बरोबर आहे का असं बायकोनं विचारलं, तरी गडी 'माझा प्रोग्राम चुकत नाही' असंच सांगेल, अशी त्याची थट्टा व्हायची.

चैत्रात पारोळ्याजवळच्या एका खेड्यातून सुकदेव नावाचा शेतकरी आला. बायकोला मार्गशीर्षात मुलगी झाली होती, पण ती मेलेलीच जन्मली, असं त्यानं खाली बघत सांगितलं. बायको, भूमिका, तेव्हापासून एकच हट्ट धरून होती. आपण पोरीचं रडणं ऐकलंय, पोर जिवंत होती, तर येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या नावानं घागर भरा. वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर आखाजीला त्याच्या नावानं घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, ही खानदेशातली रीत. पण जे जन्मलंच नाही त्याला कुठली घागर, असं घरातल्यांचं म्हणणं.

"भुलीत काहीतरी ऐकलं असेल तिनं," सुकदेव म्हणाला. "निदान पोर झाली तेव्हाचं आकाश तरी भिंतीवर राहील. संध्याकाळी सात वाजता झाली. नावाची जागा कोरी ठेवा."

कुंदननं चित्र करून दिलं. मनातून तो हललाही होता, त्यानं पैसे कमी घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

आखाजी चार दिवसांवर आली तेव्हा भूमिकेचा फोन आला.

"कुंदनभाऊ, चित्राचा मध्य म्हणजे डोक्यावरचं आकाश आणि कड म्हणजे क्षितिज, बरोबर ना?"

"बरोबर, ताई."

"मग मृगातलं तिकांडं मधोमध कसं आलं? मला दवाखान्यात नेत होते तेव्हा दिवस बुडाला होता. गाडीच्या काचेतून समोर बघत होते मी. त्या तीन चांदण्या पूर्वेला नुकत्या वर येत होत्या. पाऊण तासात पोर झाली. एवढ्या वेळात त्या डोक्यावर पोचतील का?"

कुंदनला आधी हसू आलं. दुःखात बुडालेली बाई, तिला काय दिसलं नि काय नाही. पण त्यानं जुनी फाइल उघडली आणि त्याचं हसू जिरलं. तिकांडं खरंच मध्याजवळ होतं. मार्गशीर्षातल्या सात वाजताचं ते आकाश नव्हतंच. मध्यरात्र उलटल्यावरचं होतं.

चूक कशी झाली असेल ते त्याला लगेच कळलं. ताऱ्यांचं सगळं गणित जागतिक वेळेवर चालतं आणि आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढं. ते साडेपाच तास आधी वजा करायचे असतात. विसरलात तर सातऐवजी रात्री साडेबाराचं आकाश हातात पडतं. आपल्याकडं हे काम शिकणारा प्रत्येक जण एकदा तरी यात आपटतो. कुंदनही सुरुवातीला आपटला होता, पण तेव्हाच त्यानं ते दुरुस्त केलं होतं.

आता त्यानं तीच तारीख, तीच वेळ, तेच गाव घालून प्रोग्राम पुन्हा चालवला. चित्र बरोबर आलं. तिकांडं पूर्वेच्या कडेला टेकलेलं. त्यानं पुन्हा चालवला, पुन्हा बरोबर. मधल्या काळात प्रोग्रामातलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. आजवर विकलेली सगळी चित्रं त्यानं एकेक करून तपासली. त्या ट्रॅक्टरचं आकाशसुद्धा बिनचूक होतं. चुकलं होतं ते फक्त एक, नाव नसलेलं.

बाहेर टळटळीत ऊन होतं आणि दुकानात कुंदनच्या अंगावर काटा उभा राहिला. प्रोग्राम आपल्याला ऐकू न येणाऱ्या कुणाचं तरी ऐकतो, असा एक वेडा विचार त्याच्या डोक्यात आला. तो त्यानं झटकला आणि बरोबर चित्र छापायला टाकलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर तो ते घेऊन खेड्यात पोचला. ओट्यावर घागरी धुवून पालथ्या घातल्या होत्या. सुकदेवची आई, शेवंताबाई, डांगरं पुसत बसली होती. चेहरा करारी, पण वागायला अघळपघळ.

"ये भाऊ, बस. च्या ले."

भूमिका आतून आली. तिनं जुनं चित्र भिंतीवरून काढून छातीशी धरलं होतं. कुंदननं नवं चित्र तिच्यापुढं ठेवलं. तिनं कडेच्या तीन ठिपक्यांवर बोट टेकलं आणि मान हलवली.

"हे बरोबर. ती आली तेव्हाचं हेच." मग तिनं छातीशी धरलेलं चित्र उलटं करून दाखवलं. "मग हे कधीचं?"

"ती माझी चूक, ताई," कुंदन म्हणाला. दुरुस्त केलेली चूक पुन्हा शिरली कुठून ते त्याला सापडलेलं नव्हतं, पण धंद्याची लाज राखायला माणूस असं बोलतोच. "हिशेब गडबडला."

शेवंताबाईला हायसं वाटलं. "दख व माय, तोच सांगी ऱ्हायना. मशीन चुकनं. तुले बी असाच भास व्हयना. सोड आते तो हट."

भूमिकेचा चेहरा पडला. चार महिने तिला वेडी ठरवत आले होते आणि तिच्या बाजूनं उभा राहिलेला एकमेव साक्षीदार, ते जुनं चित्र, आपणच आता हाणून पाडतोय, हे कुंदनला लख्ख दिसलं. त्याला स्वतःचा राग आला. निदान अर्धवट तरी बोलू नये म्हणून तो म्हणाला, "चूक म्हणजे आकाश खोटं नाही. त्याच रात्रीचं आहे. फक्त साडेपाच तास पुढचं. सातच्या जागी साडेबाराचं आलं."

शेवंताबाईच्या हातातलं डांगर सुटलं आणि ओट्यावरून गडगडत अंगणात गेलं. कुणी ते उचललं नाही.

"तुले कोनी सांगं?" म्हातारीचा आवाज एकदम बारीक झाला.

"कुणी नाही, आजी. ते आपोआप..."

"कोनले माहीत नही ते! मी एकलीच व्हतू तठे!"

सुकदेव दारातून पुढं आला. "माय..."

"तू रक्त आनाले धुळाले गयथा. तुले तरी कोठे माहीत, कितला वाजता गयी ती!" म्हातारीनं तोंडाला पदर लावला. मग तो बाजूला करून ती भूमिकेकडं बघून बोलू लागली. "जिती व्हती व माय तुनी पोर. डाक्टर बोलना, रात काढाव नही. तुना बी जीव वर खाले व्हता. तिन्हामा तुना जीव अडकाले नको म्हनीसन तुले नही सांगं. रडे ती. तुले ऐकू जाई म्हनीसन मी तिले बाहेर अंगनमा ली बसनू. मांडीवर व्हती. मंग रडनं थांबनं. मी वर दखं. त्या तीन चांदन्या डोकावर व्हत्यात. कंपाउंडर बोलना, साडेबारा व्हयनात."

भूमिका रडली नाही. ती सुकदेवकडं वळली.

"तुम्हालाही माहीत होतं? पोर जिवंत होती ते?"

सुकदेवला वर बघवेना. त्यानं नुसती मान हलवली.

"आणि मी वेडी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता आणि म्हणूनच तो ऐकवेना. मग तिनं पालथ्या घागरींपैकी सर्वांत लहान उचलली, उताणी करून वेगळी ठेवली आणि दोन्ही चित्रं तिच्या मागं भिंतीला टेकवली. "कुंदनभाऊ, पेन आहे?"

त्यानं काळं मार्कर दिलं. तिनं दोन्ही चित्रांखालच्या कोऱ्या जागेत एकच नाव लिहिलं, वृषाली. पहिल्यापासून मनात धरलेलं असावं, कारण लिहिताना ती अडली नाही.

"चुकलेलं परत नेऊ का?" कुंदननं विचारलं.

"ते चुकलेलं नाही," ती म्हणाली.

तो निघाला तेव्हा अंधारायला लागलं होतं. पश्चिमेला द्वितीयेची कोर होती आणि तिच्या डावीकडं, धुळ्याच्या बाजूला, तिकांडं बुडायला आलं होतं. गाडीला चावी लावतोय तोच मागून चपला वाजल्या. शेवंताबाई होती. अंगणातलं ते डांगर तिनं पदरात घेतलं होतं, आणि मावळतीकडं पाठ करून ती उभी राहिली.

"भाऊ, तुना मशीनले बठ्ठं माहीत शे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्याले एक इचारशी का? थंडीना दिन व्हतात. मनापाशी एकच लुगडं व्हतं. तवय... तिले थंडी वाजत व्हती का?"

कुंदनच्या यादीत लाखभर ताऱ्यांचं तापमान होतं. त्यानं गाडीची चावी काढली आणि म्हातारीचा हात दोन्ही हातांत धरला.