सुरगाण्याची फाइल

मनीषा जेजुरकर नाशिकच्या प्रयोगशाळेत रुजू झाली, त्याच दिवशी डॉ. गायधनींनी तिच्या हाती एक सीडी ठेवली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सुरगाण्याच्या पाड्यापाड्यांवर फिरून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीसाठी रक्त गोळा केलं होतं. कोणाच्या जनुकात बदल आहे, कोणाच्या नाही, सगळं त्या सीडीत होतं.

"नव्या सॉफ्टवेअरमध्ये घाल आणि तक्ते काढ. दुपारपर्यंत होईल," डॉक्टर म्हणाले.

दुपार गेली, पावसाळाही गेला. नवं सॉफ्टवेअर जुन्या फाइलकडे ढुंकून बघेना, जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना. कंपनीचा माणूस फोनवर अदबीनं सांगे, "मॅडम, तो फॉरमॅट आम्ही बंद केलाय." फाइल बदलून देणारा एक प्रोग्रॅम त्यानं पाठवला. फाइल उघडली, पण आत नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

"मूळ नमुनेच पुन्हा तपासू या का?" मनीषानं विचारलं.

"ते टाकून दिले. माहिती कॉम्प्युटरमध्ये सुरक्षित होती ना," डॉक्टर म्हणाले.

शेवटी मनीषा जीपनं सुरगाण्याला गेली. पहिल्याच पाड्यावर झुंबरबाई अंगणात नागली पाखडत होती.

"मागं दिलं व्हतं की रगत. नासलं का?"

"रक्त नाही, मावशी. त्याची फाइल नासली."

झुंबरबाईला ते काही उमगलं नाही. तरी तिनं हात पुढे केला, मग नातीलाही ओढून आणलं. यमुना आठेक वर्षांची. पहिल्या तपासणीच्या वेळी जन्मलीच नव्हती. "हिचं बी घे. हाडं दुखत्यात म्हणती. शाळेचा कटाळा, दुसरं काय."

यमुनेला सिकलसेल निघाला; हाडं त्यानंच दुखत होती. निकाल सांगायला मनीषा स्वतः गेली. झुंबरबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मी तिला लबाड म्हनत व्हते," एवढंच ती बोलली. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या आणि दिवाळीनंतर पोर पुन्हा शाळेत जाऊ लागली.

वर्षअखेरच्या अहवालात डॉक्टरांनी लिहिलं, "नव्या सॉफ्टवेअरमुळे एक बालरुग्ण वेळीच आढळली."

मनीषानं शुद्धलेखन तेवढं तपासलं आणि पानं छापायला दिली.