विणकराचा मेंदू आणि माझी दिवंगत आई

ल्यों शहरात लोकांना खात-खात फिरवायचं, हा माझा धंदा. खायला दुकानदार घालतात, चालतात पाहुणे, मी नुसता बोलतो. आणि बोलायला मला आग्रह करावा लागत नाही. हातात सॉसेज दिलं तर त्या डुकराची वंशावळ सांगेन मी, आणि समोरच्याला ती पटेलही.

माझ्या फेरीचा सगळा जीव मात्र एकाच गोष्टीत आहे. माझी दिवंगत आई.

क्र्वा-रूसच्या टेकडीवर मादाम व्हेर्मोरेलची खाणावळ आहे. तिथे आम्ही 'विणकराचा मेंदू' खातो. घाबरू नका, ते ताजं चीज असतं, कांद्याची पात न् लसूण घालून फेटलेलं. विणकरांना अक्कल नाही असं हिणवायला रेशमाच्या शेठलोकांनी ठेवलेलं नाव, असं मी सांगतो. तो वाडगा टेबलावर आला की मी आवाज खाली आणतो. "माझी आई याच टेकडीवर रेशीम विणायची. दिवसभर माग, आणि संध्याकाळी माझ्यासाठी हे. ती गेली आणि ती चवही गेली." मग मी खिडकीबाहेर बघत राहतो. खिडकीबाहेर कचऱ्याचे डबे आहेत, तरी माझे डोळे भरून येतात. कलाकार माणूस आहे मी.

आता खरं ऐका. माझी आई जेर्मेन फायोल सेंत-एत्येनमध्ये ठणठणीत आहे. सायकलच्या कारखान्यात तिने जन्म काढला. रेशीम तिने पाहिलं असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात. मीही तिकडचाच, आणि तिथेच सगळी गोची आहे. ट्रेनने तासाभराचं अंतर, पण ल्योंवाले आम्हाला आमच्याकडच्या खाणींवरून कोळसेवाले म्हणतात, आणि फुटबॉलचा सामना असला की आमच्या शेजारी बसतसुद्धा नाहीत. मादाम व्हेर्मोरेल तर इतकी कट्टर, की आमच्या संघाचा रंग हिरवा म्हणून हिरवा कोट घातलेल्या गिऱ्हाइकाला आधी कोट काढायला लावते. असल्या बाईच्या खाणावळीत ल्योंचं जेवण समजावून सांगणारा गाइड सेंत-एत्येनचा निघाला, तर? टेकडीवर दुसरं कुणी आख्ख्या गटाला बसू देत नाही. तिने दार लावलं की माझी फेरी बंद आणि मी घरी.

त्या शनिवारी चौकात पाहुणे जमले होते. लीलहून आलेलं एक जोडपं, ब्रेस्तहून आलेल्या मादाम केर्गोआत, आणि चांगला कोट घालून, पर्स पोटाशी धरून उभी असलेली एक म्हातारी. म्हातारीने तोंड वळवलं.

"आई! तू इथे कशी?"

"कशी म्हणजे? ट्रेनने. शेजारच्या पोरीने फोनवरून तुझ्या फेरीचं तिकीट काढून दिलं. म्हटलं, आपला गास्पार दिवसभर करतो तरी काय ते बघावं. तू काही बोलवत नाहीस."

"हळू बोल गं. हे बघ, आज तू माझी आई नाहीस."

"मग कोण आहे मी?"

"पाहुणी. मला ओळखतच नाहीस तू. कामाची भानगड आहे, सगळं नंतर सांगतो."

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. वाटलं, आता ही चारचौघांत कान पिळते. पण तिने पर्स सावरली, "बाँझूर, मस्यो," असा परक्यासारखा नमस्कार केला आणि मादाम केर्गोआतशेजारी जाऊन उभी राहिली.

मी मनात ठरवलं, आज आईची गोष्ट गाळायची. चीज द्यायचं, नावाचा विनोद सांगायचा आणि सटकायचं. आई बिचारी भूमिका चोख करत होती, जरा जास्तच चोख. "मस्यो, हा बोळ फार अंधारा आहे हो." "मस्यो, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय, पडाल." नाडी बांधायला ती अर्धी वाकलीसुद्धा होती, मी पाय मागे घेतला.

खाणावळीत वाडगे आले. मी नावाचा विनोद सांगून घाईने पुढच्या दुकानाचं काढलं, तोच मादाम केर्गोआत म्हणाल्या, "अहो, आणि तुमच्या आईची गोष्ट? माझी बहीण येऊन गेली गेल्या वर्षी. तिने सांगितलं, त्या गोष्टीसाठी तरी जाच."

"राहू द्या हो, जुनं झालं ते."

"राहू द्या काय?" स्वयंपाकघरातून मादाम व्हेर्मोरेल ओरडली. "सांग की रे! आज काय झालं तुला?"

सांगितली. काय करणार? माग, रेशीम, संध्याकाळचं चीज, मरण. खिडकीबाहेर पाहिलं, पण आज डोळे काही भरेनात. आईकडे बघायची छाती नव्हती. मादाम केर्गोआतनी मात्र रुमाल काढला आणि चक्क हुंदका दिला. आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बोझेन!"

संपलं. हा शब्द आमचा. पोराचा गुडघा फुटला, मांजर भिजलं, कुणाचा नवरा गेला, सगळ्याला आम्ही बोझेन म्हणतो. 'बिचारं गं बाई' असं काहीतरी. सेंत-एत्येनबाहेर तो कुणी उच्चारत नाही. इतकी वर्षं मी तो जिभेखाली दाबून ठेवलाय.

मादाम व्हेर्मोरेल हातात डाव घेऊन बाहेर आली. "कोण बोललं ते?"

"मी," आई म्हणाली. "मी सेंत-एत्येनची."

"मग इकडे काय काढलंत?"

"मुलाला भेटायला आले होते."

"भेटला?"

आईने पावाचा तुकडा मोडला. "नाही. कामात आहे तो."

बोलायची तीच वेळ होती. आणि मी, डुकराची वंशावळ सांगणारा मी, काय बोललो? पावाची टोपली पुढे सरकवली आणि म्हणालो, "अजून घ्या ना, मादाम." स्वतःच्या आईला!

"आभारी आहे, मस्यो," आई म्हणाली. इतकं नीट, इतकं परकं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही माझी आई आहे," मी म्हणालो. आवाज उंदरासारखा निघाला, म्हणून पुन्हा म्हणालो, "माझी आई आहे ही. मी पण तिकडचाच."

"पण ती तर वारली ना?" मादाम केर्गोआत.

"नाही वारली."

"मग मी रडले कशाला?"

मी मादाम व्हेर्मोरेलकडे पाहत होतो. दार कधी दाखवते, एवढंच बाकी होतं. तिने डाव टेबलावर आपटला. "अरे गाढवा, तू कोळसेवाला आहेस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बटाट्याच्या धिरड्याला 'रापे' म्हणालास तू. ल्योंमध्ये कोण म्हणतं रापे? आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, तुझ्या पाठीमागे हसतो आम्ही. पण आई जिवंत आहे हे कुठे माहीत होतं? त्या माउलीसाठी दर शनिवारी आत उभी राहून रडलेय मी, मेल्या! कांदा नसतानासुद्धा!"

म्हणजे इतक्या वर्षांच्या माझ्या ल्योंवाल्याच्या सोंगाला फसलेला एकच मूर्ख होता, तो मीच. लीलच्या जोडप्यातला नवरा इतका हसला की बायकोला त्याला चिमटा काढावा लागला.

"त्याला बोलू नका हो," आई म्हणाली. "मलाही रडू आलं ऐकताना. फार चांगली बाई होती ती. रोज असलं काहीतरी करून घालायची." तिने चमचा वाडग्यात उगीच फिरवला. "मी विकतच्या पत्र्याच्या डब्यातली रविओली द्यायचे गरम करून. त्याची काय गोष्ट सांगणार तो?"

मादाम व्हेर्मोरेल कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सांग ना आता. कशी लागायची ती रविओली?"

"वाईट," मी म्हणालो. "कडेला गरम, मधे गार. आई पहाटेची पाळी करून दुपारी यायची. ताट माझ्यापुढे ठेवायची आणि समोर बसल्या-बसल्या टेबलावर डोकं टेकून झोपायची. मी काटा खाली ठेवला की त्या आवाजाने जागी व्हायची आणि भांडी घासायला उठायची. म्हणून मी काटा ठेवतच नव्हतो. गारढोण, गच्च गोळा झाला तरी पास्त्याचा एकेक तुकडा चघळत बसायचो."

आईचा चमचा थांबला.

"म्हणून हळू खायचास तू?"

"हो."

"आणि मी तुला रेंगाळतो म्हणून ओरडायचे. थपडासुद्धा घातल्या रे."

"घातल्यास," मी म्हणालो.

तिने आपल्या वाडग्यातलं उरलेलं चीज माझ्या ताटात वाढलं. पुढच्या दुकानात लोक आमची वाट बघत होते, पण कुणीच उठलं नाही.