सृष्टीच्या उशाचा चाकू

मी दाजींच्या खिशातला चाकू बोलतोय. कंपनी विचारू नका. गावच्या लोहाराने मला घडवलं. पातं लोखंडी, मूठ फणसाची. दाजींनी माझ्याने केळीची पानं कापली, आंब्याचे देठ छाटले, विड्यांची बंडलं सोडवली. दाजींची मुलगी सृष्टी जन्मली तेव्हा शेवंतीने, तिच्या आईने, मला लेकीच्या उशाखाली ठेवलं. लोखंड जवळ असलं की बाळाला काही बाधत नाही म्हणून. शेवंती आता नाही.

यंदा सृष्टीला कुवेतला नर्सची नोकरी लागली. माझी मूठ डुगडुगत होती, म्हणून जाण्याआधी बाबांना नवा चाकू घ्यायचा तिने हट्टच धरला. रोज मोबाईलवर कंपन्यांची तुलना. जर्मन मजबूत पण जड, जपानी धारदार पण महाग, स्विस हलका, वर कात्री नि चिमटाही! मी शेजारीच पडून ऐकत होतो. खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

शेवटी लाल स्विस आला.

"स्टील मां गो?" दाजींनी विचारलं.

"होय बाबा, गंजाचो नाय."

"मगे ह्यो माका," म्हणत त्यांनी तो खिशात टाकला. संपलं आपलं, असं मला वाटलं.

निघायच्या सकाळी दाजींनी मला खोबरेल चोळलं, रुमालात गुंडाळलं आणि गुपचूप तिच्या पर्समध्ये सरकवलं. "स्टीलाचो काय उपेग? लोखांडच होया," ते पुटपुटले. बिचारे कधी विमानात बसले नव्हते.

विमानतळावर तपासणीच्या मशीनने मला लगेच पकडलं. रुमाल उलगडताच सृष्टीचे डोळे भरले.

"हा घरी परत पाठवता येईल का?" तिने तपासणाऱ्या जवानाला विचारलं. पोचवायला आलेली गाडी केव्हाच गेली होती, मागे रांग खोळंबली होती. तिने माझ्या मुठीवरून बोट फिरवलं आणि मला जप्तीच्या पेटीत ठेवलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"पर्सेत बघलंस गो? आवशीन तुझ्या उशाक ठेवलेलो तो चाकू घातलंय. थंय पण उशाखाली ठेव."

सृष्टीने एकदा पेटीकडे पाहिलं. "गावलो, बाबा. ठेवतंय."

"मगे बरां. आता माका झोप येतली."

या पेटीत बड्या कंपन्यांचे चाकू आहेत, एक स्विसही आहे. सगळ्यांची धार माझ्याहून सरस. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पोर मात्र परक्या गावी रिकाम्या उशीवर झोपणार, याने जीव तुटतो.

एवढंच मागतो. मी इथे आहे, हे दाजींना सांगू नका.