काचेपलीकडचं तोंड

व्यंगचित्रकाराला एक खोड होती. कागदावर जे तोंड काढायचं, ते आधी त्याच्या स्वतःच्या तोंडावर उमटायचं. मंत्री काढताना गाल फुगायचे, मतदार काढताना जबडा लोंबायचा. घरी बायको लांबूनच त्याच्याकडे बघून म्हणायची, "आज पुन्हा मंत्रीच का?" तिला उद्याच्या पेपरची वाट बघावी लागत नसे.

कचेरीत नवे संपादक आले आणि पंचाईत झाली. त्यांची काचेची केबिन नेमकी याच्या टेबलासमोर. गृहस्थ असे की हसू त्यांच्या वाऱ्याला उभं राहत नव्हतं. त्यांनी मान वर केली की समोर हा बाबा कधी डोळे वटारतोय, कधी जीभ बाहेर काढतोय. आठवडाभर त्यांनी सहन केलं, मग आत बोलावलं.

"तुम्ही मला वेडावून दाखवता?"

"नाही हो साहेब. चित्र काढताना तोंड आपोआप तसं होतं."

"मला शेंडी लावू नका. पहिल्या पानावरचा तुमचा चित्राचा चौकोन सोमवारपासून बंद."

त्या चौकोनावर त्याचा जीव होता, केस पिकले तेही त्यातच. "इथंच बसून काढून दाखवतो, साहेब. मग काय ते ठरवा."

"ठीक. रडणारं मूल काढा."

त्याने पेन्सिल टेकवली. नाक आक्रसलं, खालचा ओठ थरथरायला लागला. संपादक टक लावून बघत होते. बघता बघता त्यांचाही ओठ खाली आला, हनुवटीला सुरकुत्या पडल्या. त्यांना पत्ताच नव्हता.

तेवढ्यात शिपाईमामा चहा घेऊन आले. दोघांकडे पाहून त्यांनी कप हळूच खाली ठेवले आणि दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं, साहेब?"

संपादकांनी काचेत स्वतःचं तोंड पाहिलं आणि ते असे हसत सुटले की बाहेरचे वार्ताहर लिहायचे थांबले.

"चौकोन राहू द्या," डोळे पुसत ते म्हणाले. "पण टेबल भिंतीकडे वळवा. नाहीतर माझं काम व्हायचं नाही."

टेबल वळलं. व्यंगचित्रकार खुशीत भिंतीला वाकुल्या दाखवायला लागला. आठवडा सरला नसेल, तोच संपादक स्वतः त्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. जरा ओशाळले होते.

"हल्ली अग्रलेख फार गुळमुळीत व्हायला लागलेत माझे," ते म्हणाले. "टेबल परत इकडे वळवा, आणि आज जरा संतापलेलं कोणीतरी काढा. मला सरकारवर लिहायचंय."