बियांचा गुलाबी प्राण

सिंगापुरात जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये रविवारी सकाळी दीडशे माणसं मांडी घालून बसली होती, आणि त्यातली निम्मी तरी इंजिनीअर होती. बँकांची सॉफ्टवेअरं लिहिणारी, ऑफिसात पुराव्याशिवाय साधी चूक कबूल न करणारी ही मंडळी हात जोडून दोन काचेच्या बरण्यांकडे टक लावून बघत होती. एका बरणीत पाण्यात भिजवलेल्या भोपळ्याच्या बिया आणि जवस. दुसरीत कोंबडी उकळलेलं पाणी. मध्ये तांब्याची झारी आणि झारीमागे रेशमी उपरण्यातले बीजगुरू अंकुरनाथ.

"बी म्हणजे झोपलेला प्राण," अंकुरनाथ माईकवर गोड आवाजात म्हणाले. "आणि कोंबडी म्हणजे मढं. डॉक्टर तुम्हाला ग्रॅम मोजायला सांगतात. प्राण मोजायला कुणी सांगितलं का?"

दीडशे माना हलल्या. मग त्यांनी चांदीच्या वाटीतली पांढरी विभूती चिमटीत घेतली आणि बियांच्या बरणीत सोडली. बीला मातीची ओढ असते, म्हणून ही भूमीची विभूती. कोंबडीच्या बरणीत काही टाकलं नाही. मेलेल्याला कसली आलीय मातीची भूक, असं त्यांचं म्हणणं. नंतर झारीतलं 'तीर्थ' दोन्ही बरण्यांत थेंब थेंब पडलं. कोंबडीचं पाणी होतं तसंच राहिलं. बियांचं पाणी बघता बघता गुलाबी झालं, अगदी झकास गुलाबी.

"प्राण जागा झाला," अंकुरनाथ म्हणाले, आणि बायकांनी पदर पुढे करून नमस्कार केले. पुरुषांनी फोन वर करून व्हिडिओ काढले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आठवडाभर थांबलो होतो, आणखी दहा मिनिटं थांबायला माझी हरकत नव्हती.

मी पांडुरंग शेलार, रत्नागिरीचा. अठ्ठावीस वर्षं बोटींवर काढली, शेवटची नऊ चीफ इंजिनीअर म्हणून. आता हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत बसतो आणि दुसऱ्यांच्या इंजिनांवर खेकसतो. माझ्या शेजारी व्हीलचेअरवर बसली होती ती माझी धाकटी बहीण सरोजिनी, आमची सरू. आईबाप गेले, भावंडांत आम्ही दोघंच. सरूच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा तोआ पायोहच्या सेंटरमध्ये तिचं डायलिसिस होतं.

डायलिसिसमध्ये शरीरातलं प्रोटीन वाहून जातं, ते खाऊन भरून काढावं लागतं. म्हणून डॉक्टरांनी तिला रोज अंड्याचं पांढरं आणि कोंबडीचे दोन तुकडे लिहून दिले होते. बियांतही प्रोटीन असतं, कोण नाही म्हणतं? शंभर ग्रॅम भोपळ्याच्या बियांत जवळजवळ शिजवलेल्या कोंबडीइतकंच. पण बियांतलं पोटॅशियम कोंबडीच्या तिप्पट. चांगली किडनी ते बाहेर टाकते. सरूच्या किडन्या टाकत नाहीत. ते रक्तात साठतं आणि एके दिवशी हृदय बंद पाडतं.

हे सगळं तिच्या नवऱ्याला, निशिकांतला, डायटिशियनने दोनदा समजावलं होतं. हा माणूस व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा तर चाळीस रिव्ह्यू वाचतो. पण अंकुरनाथांचा गुलाबी रंग बघितला आणि गडी विरघळला. घरी दोन वेळा वाटीभर, गुरूंकडूनच विकत घेतलेलं 'सिद्ध बीज' सुरू झालं. वर गुरूंनी सगळ्यांना शपथ घातली. ज्याच्यावर जास्तीत जास्त जीव आहे, त्याच्या गळ्याची शपथ घ्या की कोंबडी आणि अंडं तोंडात घालणार नाही. सरूने फोनमधल्या माझ्या फोटोवर हात ठेवला.

तीन आठवड्यांनी ती स्वयंपाकघरात कोसळली. रक्तात पोटॅशियम सात पॉइंट एक. पाचच्या वर गेलं की डॉक्टर चिंता करतात. रातोरात डायलिसिस केलं म्हणून वाचली. निशिकांतने हॉस्पिटलातून गुरूंना फोन लावला, तर उत्तर आलं, की श्रद्धा कुठेतरी कमी पडली असेल. ते वाक्य मी शेजारी उभा राहून ऐकलं. त्या क्षणी मी ठरवलं, की या माणसाला मी चारचौघांत नागडा करणार.

पण खरी गोम पुढे होती. सरू शुद्धीवर आली, बिया बंद झाल्या, आणि तरी ती अंडं खाईना. सेंटरची नर्स मला बाजूला घेऊन तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, शी मस्ट ईट लाह, शी इज गेटिंग व्हेरी वीक." मी सरूपुढे हात जोडले. ती म्हणाली, "दादा, मी खाल्लं आणि तुला काही झालं तर? त्यांनी घातलीय, त्यांनीच 'सुटली' म्हणायला हवं." लहानपणी आम्ही एकमेकांना शपथ घालायचो आणि जेवायच्या आधी 'सुटली म्हण, सुटली म्हण' करत मागे लागायचो. ती पोरवयातली गोष्ट पन्नाशीच्या बाईच्या जिवावर उठली होती. तिच्या हाताचं हाड दिसायला लागलं होतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी एकटाच जाऊन अंकुरनाथांचा खेळ बघून आलो. बघितला आणि हसूच आलं. म्हणून पुढच्या रविवारी तिच्या हट्टाचं निमित्त करून तिला घेऊन आलो. ती गुरूंची माफी मागून शपथ सोडवून घ्यायला आली होती. माझ्या पिशवीत उकडलेल्या अंड्यांचा डबा होता.

"कुणाच्या मनात शंका असेल तर पुढे या," अंकुरनाथांनी नेहमीचं पालुपद म्हटलं. ते म्हणून ते दोन सेकंद थांबत आणि कुणी उठत नसे. मी उठलो. निशिकांत पहिल्या रांगेत स्वयंसेवकाचा बिल्ला लावून बसला होता. त्याने माझी बाही धरली. मी ती सोडवली.

स्टेजवर गेल्यावर मी आधी झारी हुंगली. स्पिरिटचा वास ओळखीचा होता. मग माईक हातात घेतला.

"मंडळी, बोटीवर मी रोज सकाळी बॉयलरच्या पाण्यात हेच थेंब टाकलेत. याला फिनॉल्फथॅलीन म्हणतात. तुमच्या पोरांच्या शाळेच्या लॅबमध्ये बाटली असेल. पाण्यात सोड्यासारखा क्षार असला की रंग गुलाबी होतो, नसला की होत नाही. अठ्ठावीस वर्षांत आमच्या बॉयलरमध्ये कुणाचा प्राण जागा झाला नाही."

अंकुरनाथ हसले. म्हणाले, महाशयांचा अहंकार बोलतोय, बियांत क्षार कुठून येणार? मला हाच प्रश्न हवा होता. मी त्यांच्या चांदीच्या वाटीतली विभूती मूठभर उचलली. ते पटकन पुढे झाले, पण उपरणं टेबलाच्या कोपऱ्यात अडकलं. मी मूठ कोंबडीच्या बरणीत रिकामी केली आणि चमच्याने ढवळलं. त्यांचे थेंब त्या पाण्यात आधीच पडलेले होते.

कोंबडीचं पाणी गुलाबी झालं. बियांच्या पाण्याहूनही गडद.

"बघा," मी म्हटलं, "कोंबडी जिवंत झाली."

हॉलमध्ये आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मागच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं की विभूती म्हणजे नक्की काय आहे. मी म्हटलं, धुण्याचा सोडा, गुरुजींना चाटून दाखवायला सांगा. त्यांनी चाटला नाही. मग मी पुढचंही काढलं. भिंतीवर बिया आणि कोंबडीतल्या प्रोटीनचा जो तक्ता लावला होता, त्यात बिया कोरड्या तोललेल्या, आणि कोंबडीच्या नावावर तिचं उकळलेलं पाणी. नुसत्या पाण्यात प्रोटीन निघणार किती? हे दीडशे जणांनी महिनाभर बघितलं, फोटो काढून गावी पाठवलं, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही. हे सांगताना मला आनंद होत होता. खोटं कशाला बोलू, भरपूर आनंद होत होता.

अंकुरनाथ माझ्या कानाशी आले. गोडवा गेला होता. सरूच्या हट्टाचं त्यांना निशिकांतकडून आधीच कळलं होतं. हळूच म्हणाले, तुमच्या बहिणीची शपथ मी सोडवतो, आत्ता, सगळ्यांसमोर. बाकीचं इथेच थांबवा.

मी थबकलो. मला हवं होतं ते हेच तर होतं. त्याच्या तोंडून दोन शब्द आले असते तर सरू जेवली असती. मी माईक त्याच्या तोंडापुढे धरला आणि म्हटलं, म्हण.

"नको." सरूचा आवाज होता. बारीक, पण सगळ्यांना ऐकू आला. तिने व्हीलचेअर स्वतः पुढे ढकलली. "ज्याचा प्राण खोटा, त्याची शपथ कुठली खरी? दादा, तो डबा दे. मघापासून वास येतोय."

मी डबा दिला. तिने अंडं फोडलं, पिवळं बाजूला काढलं, पांढरं तोंडात घातलं आणि चावताना माझ्यावरची नजर हटवली नाही. भीती होती त्या नजरेत, नाही कशाला म्हणू. घास उतरला तसा तिने विचारलं, "काही होतंय तुला?"

"भूक लागलीय," मी म्हटलं. "एक मलाही दे."

तिने दुसरं अंडं सोललं आणि आम्ही दोघांनी दीडशे माणसांसमोर खाल्लं. मीठ नव्हतं. अंकुरनाथ तोवर मागच्या दाराने सटकले होते, झारी तिथेच टाकून. पर्यटकाच्या व्हिजिट पासवर येऊन कार्यक्रम करणं आणि औषध म्हणून बिया विकणं, दोन्हींची तक्रार मी सोमवारी सकाळी केली. ती झारी माझ्या ऑफिसात पेनं ठेवायला आहे.

निशिकांतला मी माफ केलेलं नाही. तो रोज पहाटे उठून सरूची अंडी उकडतो आणि मोजून पिवळं काढतो. उकडू दे.

तुम्ही बिया खा. तुमच्या किडन्या धडधाकट असतील तर मूठभर खुशाल खा, चांगल्याच आहेत. कोंबडीशी त्यांचं वैर नाही. ते वैर लावून देणाऱ्याचा धंदा असतो. कुणाला काय चालतं ते रक्ताचा रिपोर्ट सांगतो, बरणीचा रंग सांगत नाही. आणि पुन्हा कुणी तुमच्यापुढे दोन बरण्या मांडल्या, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, दोन्हींत सारखंच टाकलंत का? त्या फंक्शन रूममध्ये हे एका माणसाने पहिल्या रविवारी विचारलं असतं, तर माझी बहीण स्वयंपाकघरात पडली नसती. तिने माझी शपथ मोडली त्याला आता आठ महिने झाले. हे लिहितोय तो मीच आहे, ठणठणीत.