अकरा गाद्यांची कोठी

आमच्या थोरल्याला विचारायची सवय नाही. दुकानातून अकरा गाद्या उचलल्या, त्याही गिऱ्हाइकांना द्यायच्या ठेवलेल्या, आणि घरामागच्या कोठीत भिंतींना खिळे ठोकून टांगल्या. गादी कधी कोणी टांगतं का? उभी लटकवली की कापूस हळूहळू खाली उतरतो. वर नुसती खोळ राहते, खाली पोट सुटतं. पन्नास वर्षं मी गाद्या भरतेय आणि माझ्याच पोटच्या बेचाळीस वर्षांच्या घोड्याला एवढं कळू नये.

सूनबाई त्याची बाजू घेऊन म्हणाली, "आई, आतला आवाज घुमू नये म्हणून लावल्यात. अल्बम करतायत ना ते, एकट्याचा."

वीस वर्षं हा एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. चौघं मिळून दणदणाट करतात. पुढे एक गाणारा उभा असतो, त्याला मी भोंगा म्हणते. पोस्टरवर भोंगा दाराएवढा आणि आमचा मागे, अर्धा अंधारात. आता म्हणे भोंगा नाही, ड्रम नाहीत, शब्दसुद्धा नाहीत. आठ तुकडे, आणि आठही नुसत्या गिटारवर. सहा आठवडे तो दुकान उघडायच्या वेळेला कोठीत शिरायचा तो दिवेलागणीला बाहेर यायचा. लग्नात नवरदेव म्हणूनसुद्धा इतका वेळ एका जागी बसला नव्हता.

त्याच्या कार्यक्रमाला मी कधी शेवटपर्यंत बसले नाही. डोकं दुखतं म्हणून उठायची. घरात सगळे धरून चालले होते की आईला हे आवडत नाही, आणि मीही ते तसंच धरू दिलं.

गुरुवारी दुपारी मी खोळ शिवत होते, तर सूनबाई दुकानात आली. तोंड उतरलेलं.

"तुमच्या भोंग्याचा फोन होता. बँड सोमवारी दौऱ्यावर निघतोय. येतोस तर ये, नाहीतर दुसरा घेतो म्हणाला."

"मग?"

"हे म्हणतात जातो. केलेलं सगळं पुसून टाकणार. पुढे गाणारा कोणी नसेल तर माझं एकट्याचं ऐकणार कोण, म्हणतात."

"त्याचं तो बघेल. लहान आहे का?"

"आई, सहा आठवड्यांत ते एकदाही माझ्यावर खेकसले नाहीत. जेवताना हसत होते. तुम्ही एकदा आत जाऊन बघा ना."

"मला माझ्या गाद्या आणायच्याच आहेत," मी म्हटलं, आणि हातातलं दाभण तसंच घेऊन निघाले.

कोठी चार पावलांची. जमिनीवर वायरींचं जंजाळ, मध्ये गुडघ्याएवढी आवाजाची पेटी. तो माझ्याकडे पाठ करून बसला होता, कानांवर हेडफोन. पुसून टाकणार म्हणे, आणि तरी एक छोटासा तुकडा वाजवायचा, थांबायचा, मान हलवायचा, पुन्हा पहिल्यापासून. मी एकोणीसपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. दर वेळी बोटं त्याच वाटेने जात होती आणि दर वेळी त्याला काहीतरी कमी दिसत होतं. आपलाच चांगला टाका चांगला नाही म्हणून उसवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता. याचा बाप.

मला त्यातलं ऐकू काय येत होतं म्हणाल, तर फार थोडं. नवरा गेल्यावर मी कापूस पिंजायचं यंत्र घेतलं. तीस वर्षं त्याच्या शेजारी उभी राहिले, त्याने माझे कान खाल्ले. डावा पुरता, उजवा अर्धा. हे मी कुणाला कळू दिलं नाही. ओठ बघून भागवायचं, आणि जमेल तिथे आधी आपणच बोलून घ्यायचं. जो आधी ओरडतो त्याला उत्तर ऐकावं लागत नाही.

कापूस किती उतरलाय ते बघायला मी दाराजवळच्या गादीवर तळवा टेकवला. गादी आम्ही डोळ्यांनी तपासत नाही. तळवा सपाट ठेवायचा, भार न देता सरकवायचा. गाठ कुठे, पोकळ कुठे, हाताला कळतं.

तळव्याखाली कापूस चालत होता.

खोटं सांगत नाही. आधी मुंगी चालावी तसं, मग मांजराच्या अंगावर हात ठेवावा तसं, मग एक लांब लाट खालून वर आली आणि माझ्या कोपरापर्यंत पोचली. मी हात काढला. भिंत, खिळा, खोळ, सगळं जागच्या जागी. परत ठेवला. परत आली. माझ्या हाताने भरलेला कापूस, मला न विचारता, माझ्याशी बोलत होता.

एवढ्यात तो वळला. हेडफोन काढून म्हणाला, "गाद्या न्यायला आलीस ना? ने. आता नाही लागणार."

"मघाचं ते परत लाव."

"कशाला? तुझं डोकं दुखेल."

"डोकं नाही दुखत रे. ऐकू येत नाही. तू शाळेत होतास तेव्हापासून."

त्याचे ओठ दोनदा हलले, मला काही वाचता आलं नाही. मग म्हणाला, "मग आता काय ऐकणार आहेस?"

"ते माझं मी बघते. सगळे आठ लाव. मोठ्याने."

त्याने लावले. मी एकेका गादीवरून हात फिरवत कोठीभर चालले. पहिला हलका होता, दुसरा त्याहून खोल. तिसऱ्यात मध्येच हात अडला. चौथा, पाचवा, सहावा असे सरकत गेले की मी किती वेळ उभी आहे हे माझ्या गुडघ्यांनाही कळलं नाही.

सातव्याला माझा हात जागीच थांबला. दोन हलके ठोके, एक भारी. दोन हलके, एक भारी. याचा बाप हातकमानीने कापूस पिंजायचा, त्याचा ठोका हाच. एकच तार, ती लाकडी मुठ्याने ठोकायची. तार कापसात बुडाली की जड बोलायची आणि कापूस मोकळा झाला की गायला लागायची. बाप गेला तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. कमान मी माळ्यावर टाकली, ठोका मीही विसरले होते. एकतीस वर्षं या पोराने तो कुठे ठेवला असेल? आणि एवढ्याशा लाकडातून त्याने तो बाहेर काढला, माझ्या मेलेल्या कानांना वळसा घालून थेट हातात दिला. देव्हाऱ्यासमोर झुकावं तसं माझं कपाळ गादीला टेकलं. शेवटचा तुकडा मी तसाच ऐकला.

पेटी शांत झाली. तो माझ्या हाताकडे बघत होता.

मी दाभणात दोरा ओवला आणि त्याला सांगितलं, "तिसऱ्यात मध्ये गाठ आहे. तिथे तू भोंग्याला आवडावं म्हणून वाजवलंयस. ती उसव. बाकीच्या सातांसारखं भरण तुझ्या बापानंतर माझ्या हाताला लागलं नव्हतं. पुसायचं नाव काढलंस तर बघ. भोंग्याला कळव, सोमवारी दुसरा माणूस घेऊन जा म्हणावं. गिऱ्हाइकांना मी थांबवते. आता ही गादी धर, वरच्या बाजूला दोन ओळी टाके घालते, म्हणजे तुझं होईपर्यंत कापूस खाली उतरणार नाही."