गोरक्षचे गाल भरले तेव्हा

हे लिहिणारच नव्हतो. गोरक्षच म्हणला, "लिही, पण नाव माझंच टाक." मंग लिहून राह्यलो.

गोरक्षनाथ माझा जिगरी दोस्त. मंठ्याजवळ गाव, घरी मेंढरं. दिवसभर उन्हात, म्हणून रंग पक्का. एक सोयरीक जमता जमता मोडली. का, तर पोरगं लई काळं. गड्यानं बाजारातून गोरं व्हायची क्रीम आणली. डबीवर ना कंपनीचं नाव, ना आत काय हाये ते. निसता एका गोऱ्या बाईचा फोटो. चोरून लावायचा. माहीत फक्त मला.

रंग खरंच उजळला. गाल बी भरले. त्याची आई, आसरामावशी, एकदम खूश. "तब्येत झाली बघ लेकराची! आता जल्दी पोरगी बघू."

मला बी तसंच वाटलं. मंग एक दिवस त्याच्या पायात बूटच जाईना. नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडला, अन् तसाच राह्यला. तब्येत कशाची, सूज होती ती!

जालन्याला दवाखान्यात नेलं. लघवी तपासली. डॉक्टर मॅडम म्हणल्या, "किडनीतून प्रोटीन चाललंय. काही औषध, क्रीम वगैरे?"

"काहीच न्हाई," गोरक्ष म्हणला.

"हा लावतो मॅडम," मी म्हणलो. "गोरं व्हायची."

"तू दोस्त हायेस का दुश्मन बे?"

"इज्जतीचं नंतर बघू. आधी किडनी."

मॅडम हसल्या न्हाईत. "बरं झालं सांगितलं. असल्या डब्यांत कधी कधी पारा असतो, तो किडनी बिघडवतो. डबी आणून द्या."

तपासायला पाठवली. पारा निघाला. क्रीम बिलकुल बंद, गोळ्या चालू. गोळ्या चालल्या तेवढे महिने मला धड झोप न्हाई.

परवाचा रिपोर्ट साफ आला. बाहेर येऊन गोरक्ष पायरीवरच बसला अन् येड्यासारखा हसत सुटला. मी बी. रंग पहिल्यासारखा, गाल बसलेले. मावशीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "काळा तर काळा. हायेस ना बाबा."

आता बदनापूरला पोरगी बघायला जायचंय. गोरक्ष हळूच म्हणला, "मागं माझ्यासाठी बघितलेली एक पोरगी आमच्या मामानं सावळी म्हणून नाकारल्ती. मी बी गप बसल्तो. औंदा पुन्हा बोलला तर?"

"मामा असू दे न्हाई तर कोणी बी. पोह्याची प्लेट खाली ठेवून पहिला मी उठन अन् त्याला तिथंच गप करीन. शब्द हाये माझा."